बाळाचें डोकें घडतें कसें?

घरांत नवें मूल आलें कीं पहिले कांहीं दिवस त्याचें नाक कोणावर गेलें आणि रंग कोणाचा घेतला याच्या चर्चेंत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ही चर्चा नाकावरून डोक्याकडे वळते. न्हाऊ घालणाऱ्या आजीचा हात बाळाच्या डोक्यावरून फिरतां फिरतां मागच्या बाजूस एके ठिकाणीं थांबतो. तेथें गोलाई नसून सपाट भाग हाताला लागतो. मग दोन गोष्टी एकदमच घडतात. बाळंतिणीनें मुलाच्या निजण्याकडे लक्ष दिलें नाहीं, असा ठपका तिच्यावर येतो. आणि डोकें ‘बसविण्यासाठीं’ मोहरीची उशी, तेल आणि दाबून चोळणें यांस आरंभ होतो.

गडचिरोली जिल्ह्यांत, वैनगंगेच्या खोऱ्यांत वसलेल्या आरमोरीसारख्या गांवीं हें जसें घडतें, तसेंच तें नागपूरच्या किंवा पुण्याच्या घरांतहि घडतें. फरक इतकाच कीं, शहरांत मोहरीच्या उशीच्या जागीं मधोमध खळगा असलेली दुकानांतील उशी येते, आणि कोणी परदेशांतील नातेवाईकाच्या सांगण्यावरून बाळासाठीं खास बनविलेल्या हेल्मेटचीहि चौकशी करूं लागतो. समजूत मात्र दोन्हीकडे एकच असते. बाळाचें डोकें म्हणजे ओली माती. बाहेरून हात फिरवावा तसें तें घडेल, असें दोघांसहि वाटतें. ही समजूत अर्धीच खरी आहे. तिच्यांतील खरा भाग कोणता आणि खोटा कोणता, हें समजून घेतलें म्हणजे उपाय आपोआप सुचतो. आणि तो उपाय बहुधा फुकटचा असतो.

नवजात बालकाची कवटी हें एकसंध हाड नव्हे. अनेक पातळ हाडें एकमेकांशेजारीं ठेवून मधल्या जागा लवचिक शिवणींनीं जोडाव्या, तशी तिची रचना असते. जेथें या शिवणी एकत्र मिळतात, तेथें हाड नसलेली मऊ जागा राहते; तीच टाळू. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत भरून येते. पुढची मोठी टाळू बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बंद होते. टाळूवर तेल घालण्याच्या चालीला आपल्याकडे ‘टाळू भरणें’ असेंच नांव आहे. परंतु टाळू भरते ती तेलानें नव्हे, तर तिच्या कडेच्या हाडांच्या वाढीनें. हलक्या हातानें थोडें तेल लावल्यास त्यापासून अपाय नाहीं. मात्र टाळू भरण्याच्या कामीं त्याचा उपयोगहि नाहीं.

कवटी अशी सैल ठेवण्यांत निसर्गाचे दोन हेतु दिसतात. पहिला हेतु प्रसूतीचा. जन्ममार्गांतून बाहेर येतांना हीं हाडें एकमेकांवर किंचित् सरकतात आणि डोकें वाटेच्या मापाचें होतें. म्हणूनच पुष्कळ मुलांचें डोकें जन्मतः लांबट दिसतें. हा लांबटपणा कांहीं दिवसांत, फार तर कांहीं आठवड्यांत, आपला आपण ओसरतो. प्रसूतीच्या वेळीं कांहीं बालकांच्या डोक्यावर एका बाजूस रक्त सांठून मऊ गांठहि येते. तीहि कांहीं आठवडे किंवा दोन-तीन महिन्यांत जिरून जाते. तिला शेकूं नये, चोळूं नये, आणि टोंचून रिकामी करण्याचा तर विचारहि करूं नये.

दुसरा हेतु मेंदूच्या वाढीचा. जन्माच्या वेळीं डोक्याचा घेर साधारणतः ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिल्या तीन महिन्यांत तो दरमहा सुमारें २ सेंटिमीटर, पुढील तीन महिन्यांत दरमहा १ सेंटिमीटर, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत दरमहा अर्धा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वर्षाअखेर जी १२ सेंटिमीटरची वाढ होते, तिचा अर्धा भाग पहिल्या तीनच महिन्यांत उरकलेला असतो. ही वाढ आंतून होते. मेंदू वाढतो, कवटीच्या हाडांना बाहेर ढकलतो, आणि शिवणींच्या कडांनीं नवें हाड तयार होत जातें. बाळाच्या डोक्याचा खरा घडविणारा असा आंत बसलेला आहे. बाहेरचा हात फार तर त्याला वाट देऊं शकतो किंवा त्याची वाट अडवूं शकतो.

हें कसें, तें परसांतील भोपळ्याच्या वेलाकडे पाहून ध्यानांत येईल. मांडवावरून लोंबणारा भोपळा सर्व बाजूंनीं सारखा फुगतो. जमिनीवर टेकून वाढणारा भोपळा खालच्या बाजूस चपटा राहतो. त्याला कोणी दाबलेलें नसतें. तो एकाच अंगावर पडून वाढला, एवढेंच. त्याला रोज सकाळीं हातानें दाबून गोल करण्याचा प्रयत्न कोणी केला, तर तो हास्यास्पद ठरेल. शहाणा माळी त्याला अधूनमधून फिरवून ठेवील. बाळाच्या डोक्याचें शास्त्र याहून फारसें निराळें नाहीं. जो भाग सतत अंथरुणाला टेकलेला असतो, त्या दिशेला वाढीस वाव मिळत नाहीं. वाढ दुसऱ्या बाजूंकडे वळते. आणि टेकलेला भाग सपाट होतो.

आतां वेळेचा हिशेब पाहावा. नवजात बालक दिवसाच्या २४ तासांपैकीं १४ ते १७ तास झोपतें. न्हाणीघरांतील आजीचा हात त्याच्या डोक्यावर फिरतो तो जेमतेम पांच मिनिटें. पांच मिनिटांच्या चोळण्यानें चौदा तासांच्या टेकण्याची भरपाई कशी व्हावी? बाहेरच्या दाबानें कवटीचा आकार बदलूं शकतो, हें मात्र खरें आहे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत पाराकास येथें दोन हजार वर्षांहूनहि जुन्या, मुद्दाम लांबट केलेल्या कवट्या सांपडल्या आहेत. फ्रान्समधील तुलूझच्या परिसरांत तर अर्भकांचीं डोकीं पट्ट्यांनीं बांधण्याची चाल एकोणिसाव्या शतकांतहि होती. परंतु तेथें तो दाब महिनोन्‌महिने, रात्रंदिवस राही. समजुतींतील खरा भाग तो हाच: दीर्घ काळाचा दाब आकार बदलतो. खोटा भाग हा कीं, घटकाभराच्या चोळण्यानें तो पूर्ववत् होतो.

हा सपाटपणा दोन प्रकारचा असतो. एका प्रकारांत मागची एकच बाजू चपटी होते. अशा बाळाचें डोकें वरून पाहिलें असतां तिरप्या चौकोनासारखें दिसतें: ज्या बाजूस मागें सपाट, त्या बाजूचा कान पुढें सरकलेला आणि त्याच बाजूचें कपाळ किंचित् फुगीर. दुसऱ्या प्रकारांत मागचा सबंध भाग चपटा होतो आणि डोकें रुंद व आंखूड दिसतें. पहिला प्रकार बहुधा एकाच बाजूस मान वळवून निजणाऱ्या मुलांत, आणि दुसरा सरळ उताणें निजणाऱ्या मुलांत आढळतो. अपुऱ्या दिवसांचीं मुलें, जुळीं मुलें आणि ज्यांची मान एका बाजूस आखडलेली आहे अशीं मुलें यांत तो अधिक असतो. ही गोष्ट दुर्मिळ आहे, असेंहि नाहीं. कॅनडांतील कॅलगरी शहरीं ७ ते १२ आठवड्यांच्या ४४० बालकांची तपासणी झाली, तिचा अहवाल २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ४६.६ टक्के बालकांच्या डोक्यावर कमी-अधिक सपाटपणा आढळला. त्यांपैकीं बहुतेकांचा तो सौम्य होता, आणि डाव्या बाजूपेक्षां उजव्या बाजूस अधिक होता. जी गोष्ट जवळजवळ निम्म्या मुलांत दिसते, तिच्यासाठीं एकेका आईला दोषी ठरविणें न्यायाचें नव्हे.

येथें एक प्रश्न सहज उभा राहतो. उताणें निजल्यानें डोकें चपटें होत असेल, तर मुलाला पालथें किंवा कुशीवर कां निजवूं नये? याचें उत्तर प्राणमोलाचें आहे. पालथ्या निजणाऱ्या अर्भकांत झोपेंतील अकस्मात् मृत्यूचें प्रमाण अधिक असतें, असें अनेक देशांतील पाहणीवरून सिद्ध झालें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९२ मध्यें, तान्ह्या मुलांस पालथें निजवूं नये, असा उपदेश केला. १९९४ मध्यें ‘पाठीवर निजवा’ अशी मोहीम देशभर सुरू झाली. आणि पुढील कांहीं वर्षांत त्या देशांतील असे मृत्यु निम्म्याहून कमी झाले. त्याच काळांत डोकें चपटें झाल्याची तक्रार घेऊन येणारीं मुलें मात्र वाढलीं. सपाट डोकें हें त्या वांचलेल्या जिवांसाठीं मोजलेलें अल्प मोल होय. आणि तेंहि बव्हंशीं टाळतां येण्याजोगें आहे. म्हणून झोपेचा नियम एकच: पहिलें वर्षभर, दिवसा आणि रात्रीं, मूल पाठीवरच निजवावें, अंथरूण घट्ट व सपाट असावें, आणि त्यावर उशी, लोड, तक्क्या किंवा जाड दुलई नसावी. कुशीवर निजविलेलें मूल सहज पालथें होतें, म्हणून तोहि मार्ग नको. पुढें मूल आपण होऊन दोन्ही बाजूंस उपडें-सुलटें होऊं लागलें, म्हणजे मात्र त्याला रात्रभर पुन्हां पुन्हां सरळ करीत बसण्याचें कारण नाहीं.

अर्थात् जें काय करावयाचें, तें दोन ठिकाणीं: निजलेल्या बाळाच्या मानेची दिशा बदलण्यांत, आणि जाग्या बाळाचें डोकें अंथरुणापासून दूर ठेवण्यांत.

प्रथम निजण्याची दिशा. तान्हें मूल उजेडाकडे, आवाजाकडे आणि आईकडे मान वळवितें. ज्या घरांत एकाच दारांतून उजेड येतो, तेथें रोज एकाच ठिकाणीं आणि एकाच दिशेनें निजविलेलें मूल दारांतल्या उजेडाकडेच पाहत राहणार. शहरांतील घरीं मुलाची एक बाजू भिंतीकडे असते आणि दुसऱ्या बाजूस आई निजते. तेथें तें आईकडेच वळून राहणार. यासाठीं आज ज्या बाजूस बाळाचें डोकें, त्या बाजूस उद्यां पाय, असा क्रम ठेवावा. बाळ तेंच, अंथरूण तेंच. परंतु उजेड आतां दुसऱ्या हाताला आला. गाढ झोप लागल्यावर डोकें हळूच न आवडत्या बाजूस वळवून ठेवावें; तें पुन्हां फिरलें तर झोपमोड करूं नये. पाळण्यावरचें चिमणाळें किंवा खुळखुळाहि आलटून पालटून दोन्ही बाजूंस बांधावा.

आतां जागेपणाचे तास. मूल जागें असतांना आणि मोठें माणूस जवळ बसलें असतांना त्याला पोटावर पालथें घालावें. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांपासूनच हें करतां येतें. आरंभीं दिवसांतून दोन-तीन वेळां तीन ते पांच मिनिटें पुरे होतात, आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाकाठीं एकूण १५ ते ३० मिनिटांपर्यंत हें वाढवावें. आई किंवा बाप मागें टेकून बसला आणि बाळाला आपल्या छातीवर पालथें घेतलें, तरी तें चालतें. समोर ओळखीचा चेहरा असल्यानें मूल रडतहि नाहीं. यानें डोक्यावरचा भार तर जातोच. शिवाय मान, खांदे आणि पाठ यांस बळ येतें, आणि मूल लवकर आपल्या इच्छेनें मान वळवूं लागतें. ज्या मुलाची मान मोकळेपणानें वळते, त्याचें डोकें एकाच ठिकाणीं फार वेळ टेकत नाहीं.

आरमोरीच्या परिसरांतील जीवनक्रमांत याचें महत्त्व विशेष आहे. हा भाग धानाचा. पावसाळ्यांत रोवणीचे दिवस आले म्हणजे बांध्यांतून पऱ्हे लावण्याच्या कामाला बायकांचे हात लागतात, आणि तान्हें मूल आजीच्या किंवा मोठ्या भावंडाच्या हवालीं होतें. सांभाळणाऱ्यास सोयीची म्हणजे लुगड्याची झोळी. झोळी ही मायेची वस्तु आहे, तिचा झोका मुलाला निजवितो, यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांत मूल एकाच खळग्यांत रुतून राहतें आणि त्याला मान फिरवितां येत नाहीं. लहान अर्भकाची हनुवटी छातीवर टेकून श्वासाला अडथळा येण्याचा धोकाहि असतो. म्हणून झोळी रडतें मूल शांत करण्यापुरती असावी. झोप लागली कीं मूल सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवावें. जागें झालें कीं त्याला खांद्यावर, कडेवर किंवा मांडीवर घ्यावें. थोडा वेळ गोधडीवर पालथें खेळवावें. मात्र हें पालथें खेळविणें मोठ्या माणसानेंच करावें. पांच-सात वर्षांच्या भावंडावर तें सोंपवूं नये.

शहरांतील सुशिक्षित घरानें या झोळीकडे पाहून हसण्याचें कारण नाहीं. मोटारींतील मुलाची खुर्ची, झुलती आरामखुर्ची आणि ढकलगाडी या तिन्हींत मुलाचें डोकें झोळींत टेकतें तसेंच टेकतें. मोटारींतील खुर्ची प्रवासांत अवश्य वापरावी. परंतु घरीं पोंचल्यावरहि मूल तिच्यांतच निजूं देणें योग्य नव्हे.

पाजण्याची बाजूहि विसरूं नये. अंगावर पाजणारी आई सहजच दोन्ही बाजू बदलते. बाटलीनें किंवा वाटी-चमच्यानें पाजणारें माणूस मात्र बहुधा एकाच हातावर मूल घेतें. त्यानें प्रत्येक वेळीं हात बदलावा.

आतां न करण्याच्या गोष्टी. मोहरीच्या उशीवर कित्येक घरांची श्रद्धा आहे. दाणे सरकतात, डोक्याला खळगा मिळतो, म्हणून आकार गोल होतो, असा तिच्यामागील तर्क. परंतु तान्ह्या मुलाच्या तोंडाजवळ कोणतीहि उशी असली, तर त्याचा श्वास कोंडण्याचें भय असतें. शिवाय ती शिवणींत उसवली, तर दाणे मुलाच्या नाकातोंडांत जाण्याचा संभव असतो. डोकें गोल करण्यासाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या खळग्याच्या उशा वापरूं नयेत, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें नोव्हेंबर २०२२ मध्यें दिला आहे. तेव्हां उशी मोहरीची असो कीं परदेशी बनावटीची, दोन्ही सारख्याच त्याज्य. त्याचप्रमाणें दोन्ही तळहातांत धरून डोकें दाबणें, नाक-कपाळ ओढणें, नाकांत किंवा कानांत तेल सोडणें आणि डोक्याला कडक शेक देणें हेंहि सोडून द्यावें. न्हाऊ घालणाऱ्या आजीचा मान यानें कमी होत नाहीं. तिच्या अनुभवी बोटांना सपाटपणा सर्वांच्या आधीं कळतो. ती जाणीव फार मोलाची आहे. मात्र तिचा उपयोग दाबण्यासाठीं न होतां वेळेवर सांगण्यासाठीं व्हावा.

कधीं कधीं दोष अंथरुणाचा नसून मानेचा असतो. मानेच्या एका बाजूचा स्नायु आखडलेला असला, तर मूल सदा एकाच बाजूस पाहतें, डोकें एका खांद्याकडे झुकवितें, आणि एकाच बाजूस अंगावर पिण्यास कुरकुर करतें. क्वचित् मानेंत लहानशी कठीण गांठहि लागते. परीक्षा सोपी आहे. मूल पाठीवर असतांना त्याच्यासमोर आपला चेहरा किंवा रंगीत चिंधी या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत हळूहळू न्यावी. दोन-तीन महिन्यांचें मूल दोन्हीकडे सारखें वळून पाहूं लागलें पाहिजे. तें एकीकडे अडतें असें वाटलें, तर डॉक्टरांस दाखवावें. मानेचे ताणण्याचे साधे व्यायाम डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट आईला शिकवितात. दुपटें बदलतांना तेच दिवसांतून अनेक वेळां करावयाचे असतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत ते सुरू झाले, तर बहुतेक मुलांची मान शस्त्रक्रियेवांचून सुधारते. मात्र न शिकतां, केवळ ऐकीव माहितीवरून मुलाची मान ओढूं नये.

याहूनहि वेगळा आणि गंभीर असा एक प्रकार आहे. सुमारें दोन ते अडीच हजार जन्मांमागें एका मुलाच्या कवटीची एखादी शिवण वेळेआधींच जुळून पक्की होते. मग त्या दिशेनें वाढ थांबते आणि डोकें विचित्र आकार घेतें. कधीं कधीं वाढत्या मेंदूवर दाबहि येतो. यावर उपाय शस्त्रक्रियेचा आहे, आणि तो बहुधा पहिल्या वर्षांतच करावा लागतो. म्हणूनच ‘होईल बरें आपोआप’ हें सांगण्यापूर्वीं दोन्हींतील भेद ओळखणें अवश्य आहे. टेकून झालेला सपाटपणा जन्मतः नसतो. तो कांहीं आठवड्यांनीं दिसूं लागतो, आणि त्यांत चपट्या बाजूचा कान पुढें गेलेला असतो. उलट, जन्मापासूनच आकार वांकडा असणें. शिवणीवर हाताला लागणारा कठीण उंचवटा. चपट्या बाजूचा कान मागें ओढलेला दिसणें. पुढची टाळू फार लवकर नाहींशी होणें. डोक्याचा घेर वाढेनासा होणें. किंवा काळजी घेऊनहि महिन्यामहिन्यानें आकार अधिकच बिघडत जाणें, यांपैकीं कांहींहि दिसलें तर विलंब करूं नये. टाळू फुगून ताठ झाली असेल, किंवा मूल सुस्त होऊन पीत नसेल, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. तो प्रश्न आकाराचा नसून प्राणाचा असूं शकतो.

आरमोरीच्या मातेला हें दाखविण्यासाठीं प्रथमच नागपूर गांठावें लागत नाहीं. तिच्या दारीं आशा कार्यकर्ती येते. आणि या येण्याचा इतिहास त्याच जिल्ह्याशीं जोडलेला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ गांवांत नवजात बालकांची घरोघरीं जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला. गांवांतील स्त्रियांनाच त्यासाठीं शिक्षण दिलें. त्या गांवांत दर हजार जन्मांमागें नवजात बालकांचे ६२ मृत्यु होत, ते १९९८ पर्यंत २५ च्या आसपास आले. १९९९ मध्यें हा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढें २०११ मध्यें भारत सरकारनें अशीच पद्धत देशभर स्वीकारली. रुग्णालयांत जन्मलेल्या बालकाच्या घरीं आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशीं जाते. २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांतील भेटीहि ठरविण्यांत आल्या. याशिवाय लसीकरणाच्या ६, १० आणि १४ व्या आठवड्यांच्या तारखा आहेतच. सपाटपणा उत्पन्न होण्याचा काळ नेमका हाच. प्रत्येक भेटींत आईनें एकच गोष्ट विचारावी: ‘ताई, बाळाचें डोकें वरून पाहा, मान दोन्हीकडे वळते का पाहा, आणि घेर मोजा.’ शंका असली तर पुढें आरमोरीचें उपजिल्हा रुग्णालय, नंतर गडचिरोली, आणि अखेरीस आवश्यकता पडल्यास नागपूर. रोजगार बुडवून, पदरचे पैसे खर्चून करावयाचा हा प्रवास कोणाला खरोखर करावा लागेल आणि कोणाला नाहीं, हें त्या दोन मिनिटांच्या पाहण्यानें पुष्कळ अंशीं ठरूं शकतें.

ज्यांना तो प्रवास करावा लागत नाहीं, अशा बहुसंख्य मुलांचें पुढें काय होतें? न्यूझीलंडमधील २०० बालकांचें जन्मापासून दोन वर्षें निरीक्षण करण्यांत आलें आणि तें २००४ मध्यें प्रसिद्ध झालें. सहाव्या आठवड्यांत १६ टक्के मुलांचें डोकें चपटें होतें. चौथ्या महिन्यांत हें प्रमाण सुमारें २० टक्क्यांपर्यंत चढलें. आठव्या महिन्यांत ९ टक्क्यांवर उतरलें. आणि दोन वर्षांच्या वयीं अवघें ३ टक्क्यांच्या आसपास राहिलें. कारण उघड आहे. मूल उपडें होऊं लागतें, बसूं लागतें, रांगूं लागतें; डोकें अंथरुणावरून उठतें, आणि आंतला घडविणारा आपलें अर्धवट राहिलेलें काम पुरें करतो. उरलेला किंचित् सपाटपणा केसांखालीं झाकतो. अशा सपाटपणानें मेंदूला इजा होते असें मानण्यास आधार नाहीं. मात्र जें मूल मुळांतच कमी हालचाल करतें, त्याचें डोकें अधिक चपटें होऊं शकतें. म्हणून चौथ्या महिन्यानंतरहि मान धरीत नसलेलें मूल डॉक्टरांस दाखवावें. तें डोक्याच्या आकारासाठीं नव्हे, तर हालचालीच्या उणिवेसाठीं.

हेल्मेटविषयीं शहरी पालकांना विशेष कुतूहल असतें. नेदरलंडमध्यें मध्यम ते तीव्र सपाटपणा असलेल्या ८४ बालकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांस सहा महिने, दिवसाचे २३ तास हेल्मेट घातलें. निम्म्यांस नुसतें वाढूं दिलें. दोन वर्षांच्या वयीं पाहतां, पहिल्यांपैकीं २६ टक्के आणि दुसऱ्यांपैकीं २३ टक्के मुलें पूर्ण बरीं झालेलीं आढळलीं. हा फरक नगण्य होता. २०१४ मध्यें हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फारच तीव्र विकृतींत कांहीं तज्ज्ञ अजूनहि हेल्मेट सुचवितात, आणि तो निर्णय त्यांच्यावर सोंपवावा. परंतु सौम्य सपाटपणासाठीं हजारों रुपये खर्चून, उन्हाळ्याच्या दिवसांत तान्ह्या मुलाला घामाघूम करणें हें शहाणपणाचें नव्हे.

मग घरानें करावें काय? पंधरा दिवसांतून एकदां, न्हाणें झाल्यावर केस ओले असतांना, बाळाला मांडीवर बसवून वरून डोकें पाहावें. मोबाइलवर एक छायाचित्र घेऊन ठेवावें. मागच्या छायाचित्राशीं ताडून पाहिलें, म्हणजे सुधारणा होते आहे कीं बिघाड, हें कोणाच्या मतावर अवलंबून राहत नाहीं. रोज डोक्याची बाजू बदलणें हें आईचें काम, असें ठरवून टाकूं नये. तें बापानें करावें, आजीनें करावें. कामावरून परतलेल्या बापानें मुलाला अर्धा तास छातीवर पालथें घेतलें, तर त्याच्या डोक्याला, मानेला आणि थकलेल्या आईच्या पाठीलाहि विसावा मिळतो. बाळंतिणीला बोल लावण्यांत जो वेळ जातो, तेवढ्याच वेळांत मूल एकदां उचलून घेतां येतें. आणि बाळाच्या डोक्यासाठीं त्याहून चांगलें औषध अद्याप कोणत्याहि दुकानांत आलेलें नाहीं.